आपले यंत्र हवेत काय सोडते?

प्रति,
एअर प्युरिफायर बनवणाऱ्या आणि भारतात विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक



मुंबईत थंडीची चाहूल लागली की आपल्या जाहिराती वाढतात. त्याचे कारण आम्हालाही दिसते. या दिवसांत वारा पडलेला असतो, धूळ वर जात नाही आणि चेंबूरसारख्या भागात गल्लीगल्लीत पुनर्विकासाचे काम चालू असते. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी उंच पत्रे, ओले हिरवे कापड, पाण्याचे फवारे असे नियम काढले. तरीही आमच्या खिडकीच्या गजांवरून सकाळी बोट फिरवले तर ते राखाडी होते. म्हणून लोक आपल्या यंत्राकडे वळतात, तसा मीही वळलो. माझ्या घरात दोन कॉकाटिल आणि काही बजी आहेत. पक्षी असलेल्या घरात कोणते यंत्र सुरक्षित, एवढे मला विचारायचे होते. दुकानात विचारले, हेल्पलाइनवर विचारले, ईमेल करून विचारले. 'दोन कामकाजी दिवसांत उत्तर मिळेल' असा संदेश प्रत्येक वेळी तत्परतेने आला. उत्तर आले नाही. म्हणून आता चारचौघांत विचारतो आहे.

आपल्या पदरी अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहेत, तेव्हा पुढचे आपल्याला ठाऊक आहे असेच मी धरून चालतो. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्याची फुप्फुसे लहान आणि घट्ट असतात, त्यांना पातळ पडद्याचे वायुकोश जोडलेले असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा तिथून जाते. उडायला लागणारा प्राणवायू त्याला असा मिळतो, आणि हवेतले विषही तितक्याच वेगाने रक्तात उतरते. शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या सूचनेवरून ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत, ते याच कारणाने. कॉकाटिलचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते, बजीचे त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय पक्षी आजार लपवतो. शेपूट श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली, चोच उघडी राहू लागली, तोवर बराच उशीर झालेला असतो.

अशा घरांना आपले यंत्र नको आहे, असे समजू नका. आम्हाला त्याची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे. कॉकाटिलच्या अंगावरून पांढरी भुकटी सतत झडत असते. टीव्हीच्या काळ्या काचेवर ती दुपारपर्यंत दिसू लागते, प्युरिफायरच्या पुढच्या जाळीवर तर तिचा थर बसतो. ही भुकटी आणि विष्ठेची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही बाधू शकते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला, तेव्हा पक्ष्यांच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार घराघरात माहीत झाला. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. त्याच्यासोबत वजनदार कोळशाचा फिल्टर आणि एक पंखा असला, की आमचे काम झाले. या साध्या यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार त्याला जोडलेल्या गोष्टींबद्दल आहे. आयोनायझर, प्लाझ्मा, 'सक्रिय ऑक्सिजन', 'जंगलातला ताजेपणा' अशी नावे आपण त्यांना दिली आहेत. यांतली बरीच तंत्रे उच्च दाबाच्या विजेवर चालतात, आणि अशी वीज हवेतल्या ऑक्सिजनचे रेणू फोडून थोडाफार ओझोन तयार करू शकते. अतिनील दिव्याचेही तसेच. त्याच्या काचेने १८५ नॅनोमीटरचे किरण अडवले नाहीत तर तोही ओझोन बनवतो. ओझोन फुप्फुसाचा दाह करतो. फरशी पुसायच्या लिंबाच्या वासाच्या द्रवाशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड तयार होते. म्हणजे हवा स्वच्छ करायला आणलेले यंत्र तिच्यात नवे काहीतरी मिसळू शकते. यंत्र हवेतून काय काढते, हे आपण दशांश चिन्हापुढे दोन-दोन आकडे देऊन सांगता. ते हवेत काय सोडते, हे मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर छापलेले नव्हते. का?

मोजणे कठीण आहे, हे कारण कृपा करून देऊ नका. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने २००७ मध्ये नियम केला आणि २०१० पासून तिथे ०.०५० पीपीएमहून अधिक ओझोन सोडणारे घरगुती यंत्र विकता येत नाही. ०.०५० पीपीएम म्हणजे हवेच्या दहा कोटी भागांत पाच भाग. यंत्राची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते, खोक्यावर तसे छापावे लागते. यूएल २९९८ ही कसोटी तर त्याच्या दहापट कडक आहे, तिची मर्यादा ०.००५ पीपीएम. आपल्यापैकी जे त्या बाजारात माल विकतात, त्यांच्या कपाटात हे आकडे आजही पडून आहेत. कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाला जे छापून मिळते, ते चेंबूरच्या ग्राहकाला विचारूनही का मिळू नये? आणि या मर्यादा माणसाचा विचार करून ठरवल्या आहेत, पक्ष्याचा नव्हे, हेही आपण जाणता.

मागच्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या कॉकाटिलचा श्वास चढला. बसल्या जागी त्याची शेपूट हलत होती. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी आधी विचारले, घरात नॉनस्टिक तवा आहे का, अगरबत्ती लावता का, डासांची कॉइल लावता का. सगळ्याला आमचे उत्तर 'नाही' होते. मग त्यांनी विचारले, प्युरिफायर आहे का, आणि तो ओझोन किती सोडतो? मी फोनवर आपल्यापैकी एका कंपनीचे माहितीपत्रक उघडून त्यांच्यापुढे धरले. त्यात फिल्टरचे थर होते, मोबाइल अॅप होते, दिव्याचे सात रंग होते. डॉक्टरांना हवा होता तो आकडा नव्हता. यंत्र बंद केले, औषधे चालू झाली, पक्षी बरा झाला. त्याला यंत्रानेच आजारी पाडले, असे मी म्हणत नाही, कारण तसे म्हणायलाही तो आकडाच लागतो. डॉक्टरला उपचार ठरवताना लागणारी माहिती आपण कोणत्या अधिकाराने झाकून ठेवता?

त्या यंत्रावर आयोनायझर बंद करायचे वेगळे बटण नव्हते. पंखा, वेळ आणि 'स्लीप' यांची तीन बटणे एकाच वेळी दाबून धरल्यावर आयोनायझर बंद होतो, हे सर्व्हिसला आलेल्या मुलाने सांगितले. त्यालाही ते दुसऱ्या सहकाऱ्याकडून कळले होते. वीज जाऊन आली की तो पुन्हा आपोआप चालू. घरी कोणी नसताना, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत, पिंजऱ्यात बसलेला पक्षी काय करणार? तो उठून बटण दाबू शकत नाही, खिडकी उघडू शकत नाही, दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

त्याच खोक्यावर 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' असे लिहिले होते, शेजारी कुत्र्या-मांजराचे चित्र. कोणत्या प्राण्यावर, किती मोठ्या खोलीत, किती तास यंत्र चालवून हे ठरवले? केस आणि वास ओढून घेणे ही एक गोष्ट, सुरक्षित असणे ही वेगळी. पक्षी आपल्या हिशेबात नसतील तर तसे स्पष्ट लिहा. 'पक्षी असलेल्या खोलीत आयोनायझर वापरू नये' ही एक ओळ छापायला किती शाई लागते?

खोलीच्या मापाचेही तसेच. दहा बाय बाराची, नऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३० घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळायची तर स्वच्छ हवेचा पुरवठा, ज्याला आपण सीएडीआर म्हणता, तासाला १५० घनमीटरच्या पुढे हवा. आपण छापता तो आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. त्या आवाजात कॉकाटिल झोपत नाही. रात्री दचकला तर अंधारात पिंजऱ्याच्या तारांवर आपटून पंख रक्ताळून घेतो. म्हणून आम्ही रात्री यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवतो. त्या वेगाला सीएडीआर किती, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

आता हीटर जोडलेली मॉडेलही आली आहेत. पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचा लेप, जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. पशुवैद्यकात ही गोष्ट कित्येक दशके नोंदलेली आहे. काही हीटर आणि दिव्यांवरही असा लेप असतो. आपल्या हीटरच्या तापणाऱ्या भागावर तो आहे की नाही, या प्रश्नाला 'टेक्निकल टीमला विचारून कळवतो' हे उत्तर चालणार नाही. आपण बनवलेल्या यंत्रात काय आहे, हे आपल्याला माहीत असलेच पाहिजे.

'हेपासारखा', 'हेपा टाइप' असे शब्द छापून स्वस्तातला फिल्टर विकणे बंद करा. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, शुद्धता आणि मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्या हक्काने मागतो. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या ओझोनचा आकडा आणि तो कोणत्या कसोटीने मोजला, हे सांगा. आयोनायझर व अतिनील दिव्याला स्वतंत्र बटण द्या, आणि वीज जाऊन आल्यावरही ते बंदच राहू द्या. प्रत्येक वेगाचा सीएडीआर आणि आवाज सांगा. तापणाऱ्या भागांवरच्या लेपाचे नाव सांगा. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी नवा शोध लावावा लागत नाही.

या पत्राची प्रत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणि भारतीय मानक ब्यूरो यांना पाठवत आहे. पुढचा हिवाळा येण्याआधी हे आपण करणार आहात का? उत्तर मला एकट्याला ईमेलने नको. ते खोक्यावर छापा.

आपला,
एक ग्राहक
चेंबूर, मुंबई