चौदाव्या दिवसाचा हट्ट

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत कोणत्या सुनेच्या लग्नाला किती वर्षे झाली, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. "तीन वर्षं झाली, अजून काही नाही," असे कुजबुजले जाते. त्या तीन वर्षांत तिचा नवरा किती दिवस घरी होता, हे मात्र कोणी मोजत नाही. तो मस्कतला नाहीतर दुबईला. वर्षातून एकदा महिना-सव्वा महिन्याची सुट्टी. म्हणजे दोघे एकत्र राहिले ते जेमतेम चार महिने. डॉक्टरांच्या भाषेत वंध्यत्व हा शब्द उच्चारायलाही एक वर्षाचे नियमित संबंध लागतात. आमच्याकडे चार महिन्यांतच निकाल लागतो, आणि तो नेहमी बाईच्या विरुद्ध लागतो.

त्यात भर पडते चौदाव्या दिवसाची. पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी अंडे फुटते, हे शाळेच्या पुस्तकापासून मोबाइलच्या ॲपपर्यंत सगळीकडे सांगितलेले असते. ते अठ्ठावीस दिवसांच्या चक्राचे ढोबळ गणित आहे. पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. अंडे फुटल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १२ ते १४ दिवसांचा, फारसा न हलणारा. जो लांबतो तो आधीचा भाग, अंडे तयार होण्याचा. म्हणून दिवस मागून मोजायचे असतात, पुढून नव्हे. जपानच्या क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरने हे १९२४ मध्येच मांडले होते. जिची पाळी ४२ दिवसांनी येते, तिचे अंडे चौदाव्या नव्हे, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास फुटते. फुटलेले अंडे टिकते फार तर एक दिवस. पुरुषाचे बीज पाच दिवसांपर्यंत तग धरते. म्हणजे दिवस राहण्याची शक्यता एका चक्रात फक्त सहा दिवस. उशिरा फुटले म्हणून अंडे खराब असते असे समजू नये. मुख्य तोटा एवढाच की संधी कमी मिळतात, वर्षात तेराच्या जागी आठ किंवा नऊ.

हे गणित आता आखाती सुट्टीला लावून पाहा. नवरा ३० दिवसांसाठी आला आणि नेमका तिच्या चक्राच्या तिसाव्या दिवशी उतरला. अंडे दोन दिवसांपूर्वीच फुटून गेले. पाळी येणार सुट्टीच्या चौदाव्या दिवशी, आणि पुढचे अंडे त्यानंतर चार आठवड्यांनी, तो परत जाऊन दहा दिवस झाल्यावर. अख्खी सुट्टी कोरी! दोघांतही काही दोष नाही. पण बॅग भरताना सासू म्हणणार, "या वेळीही नाहीच का गं?"

माझ्या नात्यातल्या एका मुलीला एका दवाखान्यात 'अंडे फुटत नाही' असे सांगून टाकले होते. सोनोग्राफी दहाव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत केली, आणि एकविसाव्या दिवशी रक्त तपासले. पाळी चाळीस दिवसांनी येणाऱ्या बाईचे रक्त एकविसाव्या दिवशी घेऊन काय मिळणार? प्रोजेस्टेरॉनची ती तपासणी अंडे फुटल्यानंतर सुमारे सात दिवसांनी करायची असते. एकविसावा दिवस अठ्ठावीसवालीसाठी, हिच्यासाठी तो तेहतिसावा. तिला 'पाळी किती दिवसांनी येते?' हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. तिनेही सांगितले नाही, कारण सोबत सासू होती.

गंमत अशी की दिवस मोजायची सवय आमच्या बायकांइतकी क्वचितच कोणाला असेल. नमाज कधी सोडायची, गुस्ल कधी करायचे, रमजानचे किती रोजे कजा राहिले, हा हिशोब प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो. फिकहच्या किताबांतही तेच. हैजचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त दिवस ठरवलेले आहेत. हनफी जास्तीत जास्त दहा म्हणतात, आम्ही कोकणातले शाफई पंधरा. दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ कमीत कमी पंधरा दिवसांचा. पण जास्तीत जास्त किती, याला दोघांनीही मर्यादा घातलेली नाही. पाकीचा काळ बाईगणिक लांबतो, हे शेकडो वर्षांपूर्वीच्या फकिहांनी मानले होते. आज आपण ॲपवरचा चौदावा दिवस मात्र ईमानासारखा धरून बसतो. आणि हे बोलायला लाज वाटत असेल तर मदिनेच्या अन्सारी बायका आठवाव्यात. दीन समजून घेताना त्यांच्या आड लाज आली नाही, याचे कौतुक खुद्द हजरत आयशांनी केले होते. त्या आयशांना, आपल्या उम्मुल मोमिनीनना, स्वतःचे मूल नव्हते. हेही तावीज आणायला धावणाऱ्या आणि दुसऱ्या निकाहची गोष्ट काढणाऱ्या खाला-फुफींना कोणीतरी सांगायला हवे.

पाळी सतत ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबत असेल तर डॉक्टरकडे जावेच. पीसीओएस, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, वजनातली मोठी घट किंवा वाढ, अशी कारणे सापडतात आणि बहुतेकांवर औषध आहे. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी अंडे फुटायला मदत होते. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर थांबू नये, सहा महिने पुरे. फार्मसीत मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या उपयोगी आहेत, पण पीसीओएस असेल तर त्या फसवतात. अंगावरून जाणारे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे ताणले जाऊ लागले की दिवस जवळ आले, ही खूण फुकट मिळते. आणि बाईच्या दहा तपासण्यांआधी नवऱ्याची वीर्यतपासणी व्हावी. ती सर्वांत सोपी आणि स्वस्त, तरी आमच्याकडे सर्वांत शेवटी होते, बऱ्याचदा होतच नाही. सुट्टी संपली, हे कारण तयारच असते.

सुट्टीची तारीख आमच्याकडे ईद, चुलतभावाचे लग्न किंवा स्वस्त तिकीट पाहून ठरते. मुलाची इच्छा असेल तर अर्ज टाकण्याआधी नवऱ्याने बायकोला फोन करावा आणि मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा विचाराव्यात. तिच्याकडे त्या असतात. पाळ्यांमध्ये दहा-दहा दिवसांचा फरक दिसत असेल तर महिन्याची सुट्टी पुरणार नाही. तेव्हा मालकाकडे बिनपगारी दोन महिने मागावेत, किंवा शक्य असेल तर तिलाच काही महिने मस्कतला न्यावे. व्हिसाचा खर्च होतो खरा, पण फॅमिली व्हिसा परवडत नाही म्हणणारी घरे दुसऱ्या निकाहचा खर्च करायला कशी तयार होतात, हे मला अजून समजलेले नाही.