तुंबलेली मोरी

हल्ली खेड्यांतील स्वयंपाकघरांतही मोरीच्या जागी सिंक आले आहे. सोय झाली खरी. परंतु मोरीत डोळ्यांना दिसणारा गाळ आता नळीत दडून बसतो.

सिंकखालील वाकड्या नळीत थोडे पाणी नेहमी साचलेले असते. गटारातील दुर्गंधी घरात येऊ नये, यासाठीच ती योजना आहे. तुंबारा होतो तोही बहुधा तेथेच. कढईतील ऊन तेल नळीत थिजते. त्यास भाताची शिते व चहाचा चोथा चिकटतो.

अशा वेळी पुष्कळ जण घाईने एकामागून एक पुडी वा बाटली ओततात. येथे सावध असावे. ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोडा पाण्यात उसळून डोळे भाजतो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर निरुपद्रवी असले, तरी एकत्र ओतल्यास एकमेकांचा जोर मारतात.

उपाय साधा आहे. खाली बादली ठेवावी, वाकड्या नळीचे नट हाताने सैल करावे, गाळ काढून नळी ब्रशने धुवावी आणि पुन्हा बसवावी. मात्र रसायन ओतले असल्यास नळी उघडू नये. जाणत्यास बोलवावे व त्यास तसे सांगावे.

पुढे तुंबू नये म्हणून कढई आधी कागदाने पुसावी व भोकावर जाळी ठेवावी. हे काम घरधन्यानेही करावे. जेवण तर सर्वांचेच असते.

रोज काढलेला गाळ चिमूटभर असतो. साठू दिलेला सारे घर अडवितो.