डिझेल टाकलं म्हणजे जीप तयार झाली असं नाही

दसरा झाला, हळवा भात कापून झाला, आणि आमच्या डहाणू-चारोटी पट्ट्यात दुसरा एक हंगाम सुरू झाला. जुनी जीप घेऊन लांबच्या सफरीला निघायचा. गेल्या आठ दिवसांत तिघं जण वाडीवर येऊन गेले. तिघांचा प्रश्न एकच. "काका, जीपला डिझेल इंजिन टाकलंय, दिवाळीनंतर कच्छला जायचंय. टायर कोणते घालू?" मी तिघांनाही उलटा प्रश्न विचारला. "तुझ्या ब्रेकला व्हॅक्यूम कुठून मिळतो?" तिघेही गप्प.

म्हणून आज चिकूवर नाही, जीपवर लिहितोय. जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या.

आधी हे सांगतो की मी डिझेल टाकण्याच्या विरोधात नाही. आमच्या घरची जीप हाय बॉनेट, म्हणजे सीजे-3बी. महिंद्रा विलिजच्या परवान्यावर बनवायचे ती. मूळ इंजिन हरिकेन, 2199 सीसी, पेट्रोल. ड्रायव्हरच्या सीटखाली जेमतेम चाळीस लिटरची टाकी, आणि ते इंजिन पेट्रोल असं प्यायचं की बाबा स्टेशनपर्यंत चिकूच्या करंड्या पोचवून आले की आधी टाकीत काठी घालून बघायचे. त्या काळी वाडीवाल्यांनी डिझेल टाकलं ते हौसेने नाही, परवडत नव्हतं म्हणून. कोणी मॅटॅडोरचं टाकलं, कोणी प्यूजोचं 2112 सीसीवालं, पुढे महिंद्राचं 2523 सीसीचं डीआय आलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते टाकलं. आमच्यात आज तेच आहे. कितीतरी वाड्यांचा माल याच गाड्यांनी ओढला.

पण ती गाडी वाडी ते स्टेशन धावायची. ताशी तीस-चाळीस. बिघडली तर बैलगाडी लावून ओढून आणायची. तीच गाडी आज पोरं सहाशे-सातशे किलोमीटर नेतात, चार माणसं, कॅरिअरवर तंबू, पाणी, गॅसची शेगडी आणि दोन जादा कॅन घेऊन. इंजिन बदललं, काम बदललं, वेग बदलला. ब्रेक मात्र आजोबांच्याच वेळचा.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे हा म्हातारा नुसता उपदेश करतोय असं वाटणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मी आणि भाचा सापुताऱ्याला गेलो होतो. तलासरी, वापी, धरमपूर, वांसदा, वघई असा रस्ता. जायच्या महिनाभर आधी भाच्याच्या हट्टापायी मी पुढे मोठा लाईटबार बसवला. लाईटबार लावला की जुना अल्टरनेटर पुरेना. मग मोठा अल्टरनेटर आणला. तो जुन्या जागी बसेना, म्हणून गॅरेजवाल्याने पट्टी वेल्डिंग करून ब्रॅकेट बनवलं. दिसायला झकास. फक्त अल्टरनेटरची पुली बाकीच्या दोन पुल्यांच्या रेषेत नव्हती, दोन-तीन मिलिमीटर बाहेर. ते ना त्याने बघितलं, ना मी. दोनशे किलोमीटरमध्ये रबराचा वास यायला लागला. मी म्हटलं, नवीन बेल्ट आहे, बसतोय.

परत येताना सापुताऱ्याहून वघईकडे उतरताना चार्जिंगचा लाल दिवा लागला. मी भाच्याला म्हणालो, "खाली गेल्यावर बघू, बॅटरी भरलेली आहे." हे माझं वाक्य मला आजही आठवतं, कारण त्यानंतर तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल दगड झालं. पाय दाबतोय, पेडल हलत नाही, गाडी चाललीय.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे मागे पोकळी तयार होते आणि सर्व्हो ब्रेकला, म्हणजे आपण बूस्टर म्हणतो त्याला, ती पोकळी फुकटात मिळते. डिझेलमध्ये ही झडप नाही. त्यामुळे व्हॅक्यूम पंप वेगळा लावावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. म्हणजे एक बेल्ट तुटला की चार्जिंग बंद, पाण्याचा पंप बंद आणि ब्रेकचा व्हॅक्यूमही बंद. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा दाबण्यापुरता पुरतो, नंतर फक्त तुमच्या मांडीची ताकद. वरून उतारावर ड्रम आधीच तापलेले. लाल दिवा बॅटरीचा नव्हता, ब्रेकचा होता. मी त्याला बॅटरीचा समजलो.

दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घातली आणि थांबलो. भाच्याचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं, पाच टाके पडले. समोरून एसटी आली असती तर हे लिहायला मी नसतो. बहिणीने सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

तर मुद्दा हा. रात्री लांबचं दिसावं म्हणून बसवलेल्या लाईटने दिवसाढवळ्या ब्रेक घालवला. जुन्या गाडीत कुठलीच वस्तू एकटी बसत नाही. एक वाढवलं की शेजारच्या तिघांवर भार येतो, आणि ते तिघं कोण हे शोधण्याची कोणाला सवय नाही.

टायरचंही तेच. मूळ टायर 6.00-16, उंची साधारण 28 इंच. पोरांना 31 इंची हवेत. फोटोत भारी दिसतात, मान्य. पण टायर अकरा टक्के मोठा झाला की काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने चाललेली असते. चाक जेवढं मोठं, तेवढा त्याच ड्रमला थांबवायला जोर जास्त. आणि सीजे-3बीचे ड्रम नऊ इंचांचे आहेत. त्यात जुना मास्टर सिलिंडर एकेरी, म्हणजे चारही चाकांना एकच लाईन. एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. टँडम मास्टर सिलिंडर, मागच्या मॉडेलचे मोठे ड्रम किंवा पुढे डिस्क, नवीन लाईन, नवीन होज, हे सगळं मिळून त्या टायरच्या सेटपेक्षा फार महाग पडत नाही. पण ते चाकाच्या आत असतं, दिसत नाही. म्हणून कोणी करत नाही. हे मी कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

दुसरं म्हणजे गिअरचं गणित. जुन्या जीपच्या हाऊसिंगमध्ये क्राऊन-पिनियन 5.38 चं. 28 इंची टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी 60 ला इंजिन साधारण 2400 फेऱ्या मारतं, 80 ला 3200. पेट्रोल इंजिनाला ते चालायचं. जुनं डिझेल तिथे तासन् तास ठेवलं की ते ओरडतं, तापतं, तेल खातं. हायवेवर मागून ट्रकवाला हॉर्न मारतो म्हणून 85 ने दामटायचं आणि मग वापीच्या पुढे हेड गॅस्केट उडालं म्हणून मिस्त्रीला शिव्या द्यायच्या. मिस्त्रीचा काय दोष? एकतर क्राऊन-पिनियन बदला, पुढचा-मागचा दोन्ही, नाहीतर फोर व्हील लावल्याबरोबर मोडतोड होईल. नाहीतर 55-60 ने चाला. मी 55 ने चालतो. ट्रकवाल्याला हात दाखवून पुढे जाऊ देतो.

रेडिएटर पेट्रोलचाच ठेवणारे तर मला कळतच नाहीत. डिझेल चिकूच्या वाडीत ताशी वीसने फिरताना तापत नाही म्हणून ते घाटातही तापणार नाही, हा कुठला हिशेब? रेडिएटर एक कोअर वाढवून घ्या, पंख्याभोवती पत्र्याचं वेष्टण करून घ्या आणि पाण्याच्या तापमानाचा काटा खरा चालतो का ते एकदा उकळत्या पाण्यात बल्ब बुडवून बघा. माझ्या काट्याने बेल्ट तुटला त्या दिवशीही 'नॉर्मल' दाखवलं होतं.

डिझेलच्या वाटेबद्दल थोडंच सांगतो, कारण पंपसेटवाल्या शेतकऱ्याला हे येतं. जुन्या पेट्रोलच्या टाकीचा गंज आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी फिल्टरमध्ये जातं, तिथून पंपात, तिथून नोझलमध्ये. टाकी उतरवून धुवा, रिटर्नची नळी नीट टाकीत परत न्या, पाणी गाळणारी वाटी लावा. दोन फिल्टर सोबत ठेवा आणि हाताने हवा काढायचा सराव घरी करा, रणात नाही. पायपंप दाबून मोटर चालू करणारा माणूस इथे प्रत्येक घरात आहे, मग जीपचं डिझेल संपल्यावर हवा काढता येत नाही म्हणून पाच तास मिस्त्रीची वाट का बघता?

नदी-ओढ्यातून काढली की हाऊसिंगचं तेल बघायचं. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलं, त्याच दिवशी बदलायचं. समुद्रकाठच्या आपल्या हवेत चॅसी आतून खाल्ली जाते, म्हणून निघण्याआधी गाडी धुऊन, वाळवून, इंजिनच्या माउंटिंगपाशी आणि पाट्यांच्या हँगरपाशी टॉर्च मारून चीर आहे का बघायची. डिझेल इंजिन जड आणि थरथरणारं. ज्या पट्टीवर ते वेल्डिंग करून बसवलंय ती पट्टीच आधी फाटते. पुढचे पाटे बसलेले असतात तेही त्याच वजनाने.

आता कागद. हा भाग कोणाला आवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आमच्या बाबांच्या वेळी इंजिन बदललं की परवानगी घेऊन पुस्तकात इंजिन नंबर आणि इंधन चढवून घ्यायचे. आमच्या पुस्तकात ते आहे. तुमच्यात आहे का? पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर अपघातात विमा कंपनी पहिलं तेच बघणार. समोरच्याचा पाय गेला तर तो पैसा तुमच्या वाडीतून जाणार. "पोलीस अडवत नाहीत" हे उत्तर नाही. पोलीस अडवत नाहीत, दावा अडवला जातो.

आणि उत्तरेकडे जाणाऱ्यांनो, दिल्ली परिसरात जुन्या डिझेलवर 2015 पासून न्यायालयाचे आदेश चालू आहेत आणि ते बदलत असतात. निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघा. लडाखला न्यायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा की टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटतो. खारदुंगला 5,359 मीटरवर आहे. म्हणजे अर्ध्याच्या आसपास जोर घेऊन, काळा धूर काढत, सामानासकट चढायचं.

मला माहीत आहे यावर काय म्हणणार. "काका, एवढं सगळं करायचं तर नवीन थारच घ्यावी." खरं आहे. ज्याला परवडते त्याने घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. कोणी म्हणेल, "आमच्या आज्याने याच ब्रेकवर पन्नास वर्षं चालवली." चालवली, पण ताशी तीसने, रिकाम्या रस्त्यावर. तेव्हा चारोटीला सहा पदरी हायवे नव्हता आणि तुझ्या आज्याने कॅरिअरवर तंबू बांधला नव्हता. आणि तिसरे म्हणतील की काकांना पोरांची मजा बघवत नाही. तसं नाही रे. मला स्वतःला अजून कच्छला जायचंय. पांढरं रण मी फक्त फोटोत बघितलंय.

राग मला पोरांचा कमी आणि त्यांना हे विकणाऱ्यांचा जास्त आहे. गॅरेजात गेलं की पहिला प्रश्न "लिफ्ट किती इंच देऊ?" असतो. ब्रेकचं चाक खोलून बघू का, असं कोणी विचारत नाही, कारण त्यात शंभर-दोनशेचं रबर आणि अर्धा दिवस हात काळे. लिफ्टमध्ये मार्जिन आहे. तुम्हीच मागत नाही तर तो कशाला देईल? पुढच्या वेळी गाडी सोडताना लिहून द्या: चारही ड्रम उघडून दाखव, तिन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून दाखव, मग बाकीचं. करायला नाही म्हणाला तर गाडी काढून घ्या.

त्या तिघांपैकी एक परवा संध्याकाळी जीप घेऊन परत आला. म्हणाला, "काका, तुम्हीच बघा." काल सकाळी चिकूचे क्रेट रवाना केले आणि शेडमध्ये जॅक लावला. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता, लायनिंग तेलाने भिजलेलं. मास्टर सिलिंडरच्या डबीत ब्रेक ऑइल नव्हतंच, इंजिन ऑइल होतं. रबरं फुगून बोटाएवढी झालेली. आणि हा पोरगा आदल्या रविवारी याच गाडीत बायको-मुलांना घेऊन जव्हारला जाऊन आला होता.

सामान वापीहून गुरुवारी येणार आहे. तोपर्यंत चाकं काढून ठेवलीत, म्हणजे घेऊन जायचा मोह होणार नाही. टायरचं अजून त्याने विचारलेलं नाही.