‘ऊन पाणी’ कुणाच्या मालकीचं?

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एक पॅकेज फॉरवर्ड झालं. सबमिशन्स नुकती संपलेली, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. ‘चला, जरा रिलॅक्स होऊ’ म्हणून कुणीतरी ते टाकलं. दोन रात्री, तीन दिवस, मसाज, मड थेरपी, ‘डिटॉक्स’ जेवण. खालचा आकडा बघून पाच मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मग एकजण म्हणाला, ‘एवढ्यात माझ्या मेसची अख्खी सेमिस्टर निघते!’ प्लॅन तिथेच बारगळला आणि आम्ही वडापाव खायला गेलो. (तोही एक प्रकारचा वेलनेसच.)

त्या यादीतलं ‘नॅचरल हॉट वॉटर पूल’ वाचून मला मात्र आजी आठवली. थंडीत गुडघे धरले की ती एसटी पकडून कोकणातल्या एका कुंडावर जायची. पिशवीत कोरडं लुगडं आणि भाकरी. तिकीट सोडलं तर खर्च शून्य. पाण्याला गंधकाचा वास यायचा, मी नाक दाबून काठावर बसायचे. आजी त्याला ‘ऊन पाणी’ म्हणायची.

हा ‘ऊन’ आपल्या नकाशावर जागोजागी सापडतो. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. तानसेच्या काठचं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी तर मुंबईकरांना पाठ. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकांतल्या भेगांमधून वर येतं, एवढंच त्यामागचं विज्ञान. गंमत म्हणजे ‘स्पा’ हा शब्दही गावाच्या नावावरूनच आलाय. बेल्जियममध्ये स्पा नावाचं झऱ्यांचं गाव आहे. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना ते भलत्याच कारणासाठी माहीत असेल.

तिकडे या गावांचं काय झालं? २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या अशा ११ गावांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. स्पा, बाथ, विशी, कार्लोव्ही व्हारी, बाडेन-बाडेन वगैरे. राजेरजवाडे, लेखक, संगीतकार तिथे जायचे, त्यामुळे बडेजाव तिकडेही होताच. पण जर्मनीत पुढे एक वेगळी गोष्ट घडली. डॉक्टरने लिहून द्यायचं, आरोग्य विमा किंवा पेन्शन विम्याने खर्चाचा मोठा भाग उचलायचा आणि कामगाराने तीन-चार आठवडे झऱ्याच्या गावी जाऊन राहायचं. याला ते ‘कूअर’ म्हणतात. १९९० च्या दशकात सरकारने त्या खर्चाला कात्री लावली, तेव्हा ही गावं हादरली. कारण त्यांचं पोट श्रीमंत पाहुण्यांइतकंच साध्या पगारदारांवरही चालत होतं.

आपल्याकडेही असा विचार कुणी केलाच नाही, असं नाही. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. महात्मा गांधी तिथे राहायचे. गरिबांसाठी तिथेच काहीतरी उभं करावं, असं आधी त्यांच्या मनात होतं. मग त्यांना आपली चूक कळली. गरिबांसाठीची संस्था शहरात काढायला निघणं हा आपला मूर्खपणा होता, अशी कबुली त्यांनी ‘हरिजन’मध्ये दिली. आजारी गरीब आपल्याकडे येणार नाही, आपण त्याच्याकडे जायला हवं. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले आणि तिथे गावकऱ्यांवर माती, पाणी, ऊन, आहार असे उपचार सुरू झाले. काम पुढे नेलं ते मणिभाई देसाई या पंचविशीतल्या तरुणाने, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या. तो आश्रम आजही चालू आहे.

म्हणजे आज हजारोंना विकली जाणारी ‘मड थेरपी’ ८० वर्षांपूर्वी गावातल्या पेशंटसाठी होती. माती तीच. गेट तेवढं नवीन.

आता कुणी म्हणेल, रिसॉर्टमुळे गावात रोजगार येतो, सोयी येतात, मग पोटदुखी कसली? मान्य आहे. जुनं ते सगळं सोनं, असं मीही म्हणत नाही. गेल्या दिवाळीत मी आजीच्या त्या कुंडावर गेले होते. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) पाण्यात शाम्पूच्या पुड्या तरंगत होत्या. कपडे बदलायच्या खोलीला दार होतं, कडी नव्हती. मी पाय बुडवून परत आले. जिला परवडतं ती रिसॉर्टला जाईल, आणि जिला परवडत नाही ती पाय बुडवून परत येईल. आपण जाऊ त्या वाटेने हेच होणार आहे.

सरकारचं लक्ष सध्या परदेशी पाहुण्यावर आहे. २०२३ मध्ये खास ‘आयुष व्हिसा’ सुरू झाला. येऊ देत, पैसाही येऊ दे. पण त्यातला थोडा तरी त्या कडीपर्यंत पोहोचायला हवा की नाही? मला भविष्याबद्दल फार मोठं काही नको आहे. झरा कुणीही विकत घेतलेल्या जमिनीत गेला तरी गावाची वाट बंद होऊ नये. पाणी नियमित तपासलं जावं आणि त्यात काय आहे, किती गरम आहे, हृदयविकार किंवा बीपी असलेल्यांनी काय काळजी घ्यावी, हे मराठीत पाटीवर लिहिलेलं असावं. आणि ‘डिटॉक्स’च्या नावाखाली काहीही खपवणाऱ्यांना कुणीतरी विचारावं की नेमकं कुठलं विष काढलंत? ते काम आपलं लिव्हर आणि किडन्या फुकटात करतात.

आमच्या कॉलेजचं एनएसएस शिबिर यंदा कुठे न्यायचं, हे अजून ठरलेलं नाही. मी त्या गावाचं नाव देऊन ठेवलंय. केमिस्ट्रीच्या मॅडम पाण्याचे नमुने तपासायला तयार आहेत. कडी मी स्वतः नेणार आहे.