‘नको’ म्हणजे नक्की काय?

चेन्नईहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांच्या बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब तिकडे गेलं. तमिळ जेमतेम भाजी घेण्यापुरती येते, त्यामुळे घराबाहेरचा सगळा व्यवहार इंग्रजीतून. मध्यंतरी त्यांच्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी रुग्णालयातल्या नर्सने फोनवर सांगितलं, ‘मॉर्निंग नो नीड टु ईट एनीथिंग.’

या बाईंनी त्याचा सरळ अर्थ लावला. ‘नो नीड’ म्हणजे गरज नाही. खाल्लंच पाहिजे असं नाही, खाल्लं तर बिघडत नाही. सासऱ्यांना सकाळी सातला भूक लागते, म्हणून त्यांनी दोन इडल्या दिल्या. पुढे काय झालं असेल ते ओळखलंच असेल आपण. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काही खाल्लंय का?’ आणि ऑपरेशन पुढे ढकललं. पोटात अन्न असताना भूल दिली, तर ते वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून हा नियम इतका कडक. ‘चूक माझी की नर्सची?’ असं भगिनींनी विचारलं आहे.

खरं सांगायचं तर दोघींचीही नाही. चूक ‘नको’ची आहे.

या पत्रातच त्याचा उलगडा आहे. त्यांच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. व्यंकोजीराजांच्या काळापासून तमिळ देशात राहिलेल्या या मंडळींपैकी काहींच्या घरात अजूनही जुन्या वळणाचं मराठी बोलतात. त्या आजी म्हणाल्या, ‘अगो, ती पोरगी मनात “वेंडाम” म्हणाली असेल!’ तमिळमध्ये ‘सापिड वेंडाम’ म्हणजे खाऊ नका. पण ‘वेंडाम’ म्हणजे नको, आणि गरज नाही असाही त्याचा अर्थ होतो. नर्सने मनातल्या ‘वेंडाम’चं इंग्रजी केलं आणि ते ‘नो नीड’ झालं. आपल्या ‘नको’चंही तसंच नाही का? ‘उद्या यायला नको’ म्हणजे आलं नाही तरी चालेल. ‘त्याच्या नादी लागायला नको’ म्हणजे मात्र मुळीच लागू नये. शब्द एकच, पण एकात मोकळीक आहे आणि दुसऱ्यात मनाई. कोणती कोणती ते आपण सुरावरून ओळखतो.

सक्त मनाईसाठी आपल्याकडे ‘नये’ आहे आणि तमिळमध्ये ‘कूडादु’. नर्स तेवढं मनात म्हणाली असती, तर इंग्रजीही कदाचित बरोबर आलं असतं!

इंग्रजीत या दोन अर्थांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. मनाईसाठी ‘मस्ट नॉट’. ‘ही मस्ट नॉट ईट’, त्यांनी खाऊ नये. मोकळीक असेल तर ‘नीड नॉट’ किंवा ‘डझ नॉट हॅव टु’. ‘ही नीड नॉट ईट’, नाही खाल्लं तरी चालेल. गंमत अशी की होकारार्थी बोलताना ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ जवळजवळ जुळे भाऊ. ‘यू मस्ट गो’ म्हणा की ‘यू हॅव टु गो’, जावं लागणारच. पण दोघांपुढे नकार आला की एक दार बंद करतो आणि दुसरा उघडून देतो. शाळेत आपण ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ एवढंच पाठ केलेलं असतं, म्हणून इथे घसरतो.

आता हा ‘टु’ कुठे घालायचा? ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘विल’ यांच्यामागे क्रियापद उघडंच येतं. ‘कॅन टु गो’ कधीच नाही. ‘ऑट’ आणि ‘हॅव’ यांना मात्र ‘टु’ लागतोच. ‘नीड’ दोन्ही डगरींवर पाय ठेवून असतो: ‘नीड नॉट कम’ किंवा ‘डोन्ट नीड टु कम’. दोन्ही बरोबर, पण भेसळ करून ‘नीड नॉट टु कम’ म्हणू नये.

झाल्या गोष्टीबद्दल बोलताना तर जास्तच सांभाळायला हवं. ‘इडली द्यायला नको होती’ असं या भगिनी आता हळहळून म्हणतात. ते इंग्रजीत ‘आय शुड नॉट हॅव गिव्हन’ असं होईल. ‘आय नीड नॉट हॅव गिव्हन’ म्हटलं, तर ‘उगाच दिली, एवढी गरज नव्हती’ असा पाहुणचाराचा सूर लागतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर तो बरा दिसणार नाही.

‘डॉक्टर उद्या येऊ शकतील’ हे वाक्यही अनेकांना अडवतं. ‘शकतील’मध्ये आपण सामर्थ्य आणि भविष्य एकत्र बांधतो, म्हणून ‘विल कॅन कम’ असं तोंडात येतं. इंग्रजीत अशी दोन साहाय्यकं एका पंगतीला बसत नाहीत. दुसऱ्याला वेश बदलून यावं लागतं: ‘विल बी एबल टु कम’.

आणि मधले छोटे शब्द? ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ऑल्सो’ यांची नेहमीची जागा साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये. ‘यू शुड ऑल्वेज आस्क.’ काही शब्दांची जागा बदलली की वजनही बदलतं. ‘आय रिअली कान्ट से’ म्हणजे मला खरंच सांगता येणार नाही. ‘आय कान्ट रिअली से’ म्हणजे तसं नक्की सांगता येत नाही हो!

अशा मधल्या शब्दांवरून चेन्नईच्या राजभवनापासून दिल्लीपर्यंत केवढा वाद झाला ते आठवा. राज्यघटनेच्या 200व्या कलमानुसार राज्यपाल विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तिथे ‘मे’ आहे आणि त्याच्या मागोमाग ‘शक्य तितक्या लवकर’ असे शब्द. विधेयक पुन्हा मंजूर होऊन आलं, तर संमती रोखून धरू नये. तिथे ‘शॅल नॉट’. पण ‘लवकर’ म्हणजे किती दिवस? तमिळनाडूच्या 10 विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 8 एप्रिल 2025 रोजी मुदती आखून दिल्या. राष्ट्रपतींनी त्यावर सल्ला मागितला, तेव्हा 20 नोव्हेंबर 2025 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं की न्यायालयाला अशा मुदती घालता येणार नाहीत, मात्र विधेयक अनिश्चित काळ अडवूनही ठेवता येणार नाही. तिथे हा प्रश्न सुटायला इतके महिने लागले, मग फोनवरच्या एका वाक्यात आपण गोंधळलो तर नवल काय!

भगिनींना एक सुचवतो. पुन्हा असा फोन आला, तर नर्सचं वाक्य तसंच सोडू नका. आपणच उलटा प्रश्न विचारा: ‘मे ही ईट?’ उत्तर ‘येस’ किंवा ‘नो’ यांपैकीच येईल. पाण्याचंही वेगळं विचारा: ‘मे ही ड्रिंक वॉटर? टिल व्हॉट टाइम?’

पत्राच्या शेवटी त्यांनी कळवलंय की ऑपरेशन नंतर व्यवस्थित पार पडलं. त्या दिवशी सासरे पहाटेच उठून बसले आणि सूनबाईंनी विचारायच्या आत म्हणाले, ‘मस्ट नॉट, मस्ट नॉट!’

पुढच्या अंकात ‘वुड’ आणि ‘कुड’.