गिळलेला रुपया

आमच्या देवघरात, हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी, एका चांदीच्या डबीत हाली सिक्क्याचा एक आणा जपून ठेवलेला आहे. त्याची पूजा होत नाही; पण दर दिवाळीला इतर भांड्यांबरोबर तोही चिंचेने घासून उजळला जातो. निजामी राज्याचे ते चलन १९५९ साली कायमचे बंद झाले. हा आणा मात्र त्याच्या काही वर्षे आधीच व्यवहारातून निवृत्त झाला होता. आमच्या यजमानांनी दोन वर्षांचे असताना तो गिळला, तिसऱ्या दिवशी तो परत आला, आणि मग तो दुकानाच्या गल्ल्यात टाकण्यास सासूबाईंचे मन झाले नाही. घरात पाहुणे आले की ही डबी उघडायची आणि सर्वांनी पोट धरून हसायचे, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे.

गेल्या लक्ष्मीपूजनाला या आण्यास सोबती मिळण्याची वेळ आली.

आमचे घर बेगम बाजारातले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. निजाम अली खानांच्या बेगमेने, हुमदा बेगमेने, ही जागा व्यापाऱ्यांस दिली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. घाऊक पेठ म्हटली की जे जे आले ते सारे येथे आहे : सुपारी, बदाम, खारका, मसाले, पितळी भांडी, खेळणी. दुकानातल्या माणसांच्या पायांबरोबर यातले थोडेथोडे रोज जिना चढून वर येते. आपण मोठी माणसे जमिनीपासून पाच फुटांवर राहतो. रांगते मूल एका फुटावर राहते. आपल्या नजरेतून निसटलेली सुपारी, टाचणी, गुंडी त्याला पहिल्या झटक्यात सापडते, आणि ती काय आहे हे तोंडात घातल्याशिवाय त्याला कळत नाही. यात त्याचा दोष नाही. त्या वयात जग ओळखण्याचे तेच साधन असते.

आमचा नातू अडीच वर्षांचा. त्या संध्याकाळी पूजा आटोपली, प्रसाद वाटणे सुरू झाले, आणि चौरंगापाशी बसलेल्या चिरंजीवांनी गळ्याला हात लावून "आजी, रुपया" एवढेच सांगितले. तोंडातून लाळ गळत होती. क्षणार्धात घरभर वैद्य झाले. शेजारच्या मारवाडी काकी केळे घेऊन धावल्या. कोणी म्हणाले, एरंडेल द्या. कोणी म्हणाले, उलटा धरून पाठीत मारा. कोणी घशात बोट घालण्यास निघाले. यजमान म्हणाले, "आम्हीही गिळला होता, काही होत नाही." आणि एक आवाज सर्वांपेक्षा मोठा होता : "तुझे लक्ष कुठे होते?" वाचकहो, हा प्रश्न सूनबाईला उद्देशून होता आणि तो विचारणाऱ्या आम्हीच होतो.

तिने उत्तर दिले नाही. मुलाला कडेवर घेतले, पायांत चपला सरकवल्या आणि ती जिना उतरली. दिवाळीच्या गर्दीत आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत ती जवळजवळ धावतच गेली, आम्ही मागे.

रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "नाणेच आहे कशावरून? गिळताना कोणी पाहिले का?" आम्ही गोंधळलो. मूल रुपया म्हणते, म्हणजे रुपयाच. त्यांनी पुन्हा विचारले, "जवळ गोल बॅटरी लावलेले काही होते का?" तेव्हा आमच्या पायांखालची जमीन सरकली. त्याच चौरंगावर यंदा प्रथमच बॅटरीवर लुकलुकणाऱ्या बारा पणत्या मांडल्या होत्या. यजमानांना दूरध्वनी केला. एकेक पणती उलटी करून झाकण तपासून ते मोजत होते आणि आम्ही दूरध्वनी कानाला लावून ऐकत होतो. बारा भरेपर्यंतचा तो वेळ आम्हाला आजही आठवतो. बारा भरल्या. क्ष-किरण चित्रातही नाण्याची साधी, एकसंध चकती दिसली, आणि ती पोटात उतरलेली होती. बॅटरी असती तर चित्रात दुहेरी कडा दिसली असती, असे डॉक्टरांनी दाखवून दिले.

हा फरक प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. पोटात उतरलेले नाणे बहुधा काही दिवसांत आपोआप बाहेर पडते. अन्ननलिकेत अडकले तर डॉक्टर ते दुर्बिणीने काढतात. बॅटरीचे तसे नाही. नाण्याएवढी लिथियमची चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली की तेथील ओलाव्यातून विजेचा प्रवाह वाहू लागतो, तिच्या ऋण टोकाशी दाहक अल्क तयार होते आणि अवघ्या दोन तासांत नलिका भाजून निघू शकते. मूल त्या वेळी हसत-खेळत असेल, तरी वाट पाहू नये. गिळून बारा तास झाले नसतील, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मधासाठी निघणे लांबवू नये, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. लोहचुंबकाचे दोन तुकडे पोटात गेले तरी असाच धोका असतो. आतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांस ओढतात आणि मधली भिंत चिरडली जाते. यांपैकी काहीही गिळले असता केळे, एरंडेल, मुद्दाम करविलेली उलटी, यांतले काहीही करू नये.

वस्तू श्वासनलिकेत गेली तर प्रश्नच निराळा. १८४३ साली लंडनमध्ये ब्रुनेल नावाचे प्रख्यात अभियंते मुलांना हातचलाखी दाखवीत असता सोन्याचे नाणे त्यांच्याच उजव्या श्वासनलिकेत जाऊन बसले. उजवी शाखा रुंद आणि सरळ असल्याने वस्तू बहुधा तिकडेच घसरते. शस्त्रक्रियेचा प्रयत्न फसला. शेवटी फळीला बांधून त्यांना उलटे करण्यात आले, तेव्हा सुमारे सहा आठवड्यांनी नाणे बाहेर पडले. पुढे १८९७ साली जर्मनीत किलियान यांनी नळीवाटे श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला. अमेरिकेतील डॉक्टर चेव्हेलियर जॅक्सन यांनी काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

आपल्या घरांत हा धोका नाण्यापेक्षा शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचे खांड आणि सीताफळाची बी यांपासून अधिक. खाताखाता एकाएकी ठसका लागला आणि मग मूल शांत झाले, तरी तो ठसका विसरू नये. नंतर दिवसेंदिवस न हटणारा खोकला त्याचाच असू शकतो. मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. आवाजच निघेना, श्वास घेता येईना, तर वर्षाच्या आतील बाळास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधोमध ५ थापा द्याव्या, मग उताणे करून छातीच्या मध्यावर ५ दाब द्यावे. मोठ्या मुलास पाठीवर ५ थापा आणि बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने ५ झटके द्यावे. वस्तू निघेपर्यंत हे आलटूनपालटून करावे, आणि दुसऱ्या कोणी १०८ क्रमांक फिरवावा. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर बोट घालू नये. ती आत ढकलली जाते. हे सर्व जाणकाराकडून एकदा हाताने शिकून घ्यावे, एवढीच आमची विनंती.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे मानक चिन्ह सक्तीचे झाले आहे. ते पाहूनच घ्यावे. सव्वा इंच रुंदीच्या नळीत जे मावते, ते तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देऊ नये.

आता उरलेली हकीकत. डॉक्टरांनी घरी पाठविले. पोट दुखले, उलटी झाली, ताप आला तर लगेच परत या म्हणाले. पुढचे चार दिवस सूनबाईने रोज सकाळी जे शोधकार्य केले त्याचे वर्णन येथे करीत नाही. रात्री मात्र तिच्या खोलीतला दिवा दर तासाने लागे. मुलाच्या पोटावर हात ठेवून ती बसून राही. चौथ्या दिवशी रुपया सापडला. यजमानांनी पेढे मागविले. सूनबाई न्हाणीघरात पाटावर बसून मनसोक्त रडली.

आम्ही तिच्यापाशी गेलो आणि त्या संध्याकाळी विचारलेला प्रश्न परत घेतला. ती म्हणाली, "आई, तुम्ही एकदा विचारलंत. मी चार दिवस स्वतःला तेच विचारत होते."

सासूबाईंच्या डबीवर आम्ही आजवर किती हसलो! त्यांनीही तीन रात्री अशाच काढल्या असतील, त्या काळी क्ष-किरण चित्राचाही आधार नसताना, हे आमच्या मनात एकदाही आले नव्हते. त्यांनाही कोणी "तुझे लक्ष कुठे होते" म्हणून विचारले असेल काय, हे विचारायला आता त्या नाहीत.

ज्या घरात असा प्रश्न पहिला विचारला जातो, तेथे आई घाबरते, मूलही घाबरते आणि पुढच्या वेळी दोघेही सांगत नाहीत. आमच्या नातवाने गळ्याला हात लावून सांगितले, म्हणूनच आम्ही वेळेवर निघालो.

रुपया धुऊन सूनबाईने त्याच डबीत ठेवला. पणत्यांची झाकणे यजमानांनी स्क्रूने घट्ट आवळली, आणि यंदापासून पूजेची नाणी चौरंगावर नव्हे, वरच्या फळीवर मांडायची असे ठरले आहे.