हजेरी फक्त विद्यार्थ्यांचीच का?

रमजानच्या दिवसांत इफ्तारला आमच्या घरी दोन-चार पानं नेहमीच जास्तीची असतात. परवा भाची तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला घेऊन आली. दोघी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. मैत्रीण तालुक्याच्या गावापासून बावीस किलोमीटरवरच्या वाडीतून रोज एस.टी.ने येते. दस्तरखानावर खजूर, कलिंगड, कांदाभजी मांडून झाली होती, अजानला दहा मिनिटं बाकी होती. एरवी या वेळी पोरींची बडबड थांबत नाही. त्या दिवशी दोघीही गप्प होत्या.

मी विचारलं तेव्हा भाचीनं पर्समधून मोबाइल काढला. कॉलेजच्या सूचना फलकाचा फोटो होता. हजेरी कमी भरलेल्या विद्यार्थ्यांची ती यादी, पोरांच्या भाषेत ‘डिफॉल्टर लिस्ट’. त्यात मैत्रिणीचं नाव होतं. एका विषयात 75 टक्के हजेरी भरली नाही, म्हणून हॉल तिकीट मिळणार नाही, अशी ती सूचना होती.

‘‘मामू, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग हेही लिहा,’’ भाची म्हणाली. ‘‘पण माझ्या रोज्यांचं काही लिहू नका. मला रमजानची सवलत नकोय. मी सहरी करून साडेसातच्या तासाला वेळेवर बसते. प्रश्न हिचा आहे, आणि हिच्यासारख्या निम्म्या वर्गाचा आहे.’’

म्हणून आजचा हा मजकूर. मत तिचं आहे. मला पटलं तिथं मी ‘हो’ म्हटलंय, पटलं नाही तिथं तसंही सांगितलंय.

आधी मैत्रिणीचा हिशेब पाहू. नव्या शैक्षणिक धोरणात सगळा कारभार ‘क्रेडिट’वर चालतो. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे 15 तास. दोन क्रेडिटच्या विषयाला 30 तास, म्हणजे पंधरा आठवडे, आठवड्याला दोन. 75 टक्के भरायचे तर त्यातले 23 तास हजर राहायला हवं. या मुलीचे त्या विषयाचे दोन्ही तास सकाळी साडेसातचे. तिची एस.टी. कधी सात वीसला लागते, कधी पावणेआठला. दार लागल्यावर आत गेलं तर हजेरी लागत नाही. आतापर्यंत 24 तास झाले, त्यातले 14 भरले. बाकीच्या सगळ्या विषयांत तिची हजेरी नव्वदच्या पुढं आहे. म्हणजे मुलगी कॉलेजात रोज येते, दिवसभर बसते, फक्त एका तासाला उशिरा पोचते.

आता पुढचे सहाच्या सहा तास तिनं भरले, तरी बेरीज होते 20. तीसपैकी वीस म्हणजे 67 टक्के. यादी लागली त्या दिवशीच तिचा निकाल लागला होता. आता तिनं काहीही केलं तरी 23 होत नाहीत.

‘‘हे तिला फेब्रुवारीत का नाही सांगितलं?’’ भाचीचा पहिला प्रश्न हा होता. तेव्हा कळलं असतं तर तिनं आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम केला असता, नाहीतर कुणाच्या तरी दुचाकीवरून आली असती. ज्या नियमाची शिक्षा शेवटी एकदम समोर येते, त्यातून शिस्त लागत नाही, नुसतं माणूस अडकतं. हे मला शंभर टक्के पटलं.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. ‘‘मामू, आमची हजेरी मोजतात. पण तासांची हजेरी कोण मोजतं?’’

तिच्या एका विषयाला कायम प्राध्यापक नाहीत. तासिका तत्त्वावर एक सर येतात. ते आणखी एका कॉलेजात शिकवतात. तासाला ठरलेले पैसे, तेही हातात कधी पडतील याचा नेम नाही. डिसेंबरात त्यांची नेमणूकच उशिरा झाली. त्या विषयाचे आतापर्यंत 24 तास व्हायला हवे होते, झाले 12. भाची बाराच्या बारा तासांना हजर होती. कागदावर तिची हजेरी 100 टक्के, शिक्षण मात्र निम्मं. आणि मैत्रीण, जिनं दुसऱ्या विषयाचे 14 तास प्रत्यक्ष ऐकलेत, ती ‘डिफॉल्टर’!

यात त्या सरांचा दोष नाही, हे भाचीनंच मला बजावून सांगितलं. राज्यात प्राध्यापकांच्या किती जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार वर्षाला 180 दिवस प्रत्यक्ष अध्यापन व्हायला हवं. हा नियम संस्थेसाठी आहे. 75 टक्क्यांचा नियम विद्यार्थ्यासाठी आहे. दोन्ही नियम कागदावर सारख्याच वजनाचे. पण एक मोडला की यादी लागते, दुसरा मोडला की नुसतं सत्र संपतं.

आता दुसरी बाजू. माझा एक जुना मित्र सिनिअर कॉलेजात शिकवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘हजेरीची सक्ती काढून बघ, ऑक्टोबरात वर्गात मी आणि पंखा एवढेच उरू.’’ त्याच्याही बोलण्यात तथ्य आहे. बारावीपासून पोरांना क्लासची सवय लागलेली. कॉलेजात प्रवेश नावापुरता आणि परीक्षेआधी गाइड, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. वर्गात बसल्यानं जे मिळतं ते नोट्समध्ये मिळत नाही. शंका विचारायची सवय, चार वेगळ्या घरांतल्या पोरांशी ओळख, एखाद्या बाईंनी जाता जाता सांगितलेलं पुस्तक. माझी भाची आणि ही वाडीवरची मुलगी एका बाकावर बसल्या नसत्या, तर एका दस्तरखानावरही बसल्या नसत्या.

म्हणून भाची जेव्हा म्हणाली, ‘‘हा नियमच रद्द करा,’’ तेव्हा मी तिच्याशी सहमत झालो नाही. नियम हवा. पण कसा, हे सांगायला मला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही रोजाच सोडायला बसलो होतो.

रोज्याइतका कडक नियम नाही. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही. तरी त्यात प्रवाशाला आणि आजाऱ्याला मोकळीक आहे. त्यानं तेव्हा रोजा धरला नाही तरी चालतं, मात्र सुटलेले रोजे पुढे मोजून पूर्ण करायचे. त्याला ‘कजा’ म्हणतात. नियम मोडीत काढलेला नाही, आणि माणसालाही मोडलेलं नाही. रोज 44 किलोमीटर एस.टी.नं जाणारी-येणारी मुलगी प्रवासी नाही तर कोण आहे? तिचे बुडलेले तास जादा तासांनी, ग्रंथालयातल्या कामानं, एखाद्या प्रकल्पानं भरून घेता येणार नाहीत का?

न्यायालयानंही याच वाटेनं विचार केलेला दिसतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल दिला. केवळ हजेरी कमी आहे म्हणून विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये, हे त्यात सांगितलं. सोबत हेही सांगितलं, की दर आठवड्याला हजेरी कळवा, कमी असेल तर दर महिन्याला पालकांना सांगा, जादा तास घ्या. हजेरी नियमाच्या तणावातून एका विद्यार्थ्यानं आयुष्य संपवल्याचं प्रकरण त्यामागे होतं. तो निकाल विधी शिक्षणापुरता होता, आपल्या बी.ए., बी.कॉम.च्या पोरांना तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातलं शहाणपण उचलायला कुठल्या कॉलेजला कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

आणि आपल्याला तर बाहेरचा दाखलाही लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला बसवली. ‘कमवा आणि शिका’ ही तिथलीच शिकवण. या माणसांनी वसतिगृहं का काढली? खेड्यातलं पोर शाळेपर्यंत पोचत नाही, हा त्या पोराचा गुन्हा नसून आपली अडचण आहे, असं त्यांनी मानलं. त्यांच्याच महाराष्ट्रात एस.टी. उशिरा आली म्हणून शेतमजुराच्या मुलीचं सहा महिन्यांचं शिकणं वाया जात असेल, तर कॉलेजच्या दर्शनी भागात त्यांच्या तसबिरी कशासाठी लावायच्या?

भाचीचा तिसरा मुद्दा ऐकून मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. ‘‘अठरा वर्षांची झाले म्हणून मी आमदार-खासदार निवडू शकते. पण वर्गाचा प्रतिनिधी कोण, हे सर ठरवतात!’’ राज्यात नव्वदच्या दशकात हाणामाऱ्यांमुळे कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. पण भाचीनं तिच्या कॉलेजात अजून मतपेटी पाहिलेली नाही. वेळापत्रक ठरतं तेव्हा वाडीवरच्या पोरांची बाजू मांडणारं कुणी त्या खोलीत नसतं. असतं, तर ‘साडेसातचा तास आळीपाळीनं प्रत्येक विषयाला द्या’ एवढी साधी सूचना कुणीतरी केली असती आणि एकाच विषयाची हजेरी अशी बुडाली नसती.

तोवर काय करायचं? एक दार आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्यात महिला सदस्य हवी, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी निमंत्रित हवा, आणि तक्रार आल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत तिनं अहवाल द्यायला हवा. समाधान झालं नाही तर वर लोकपाल आहेत. मी भाचीला विचारलं, ‘‘तुमच्या कॉलेजात समितीवर कोण आहे?’’ तिला माहीत नव्हतं. मैत्रिणीला तर अशी समिती असते हेच माहीत नव्हतं. कॉलेजच्या फलकावर डिफॉल्टरांची नावं लागतात, समितीची का लागत नाहीत?

माझ्या मते चार गोष्टी पैशाविना होण्यासारख्या आहेत. हजेरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लावा. तिच्या शेजारच्या रकान्यात त्या विषयाचे किती तास व्हायला हवे होते आणि किती झाले, तेही लावा. बाहेरगावच्या पोरांची यादी करून एस.टी.च्या वेळा पाहून वेळापत्रक आखा. आणि खरं कारण असलेल्याला तास भरून काढायची संधी द्या. गावातल्या पुढाऱ्यांनाही एक सांगणं आहे. आगारप्रमुखांना भेटून सकाळची एक गाडी वीस मिनिटं आधी सोडवून घ्या. इफ्तार पार्टीच्या फलकापेक्षा या पोरी ते जास्त दिवस लक्षात ठेवतील.

विद्यार्थ्यांनाही सांगायला हवं. रोज्याची हजेरी कुणी घेत नाही. बंद खोलीत कुणी घोटभर पाणी प्यायलं तर कुणाला कळणार आहे? तरी माणूस पीत नाही, कारण तो रोजा त्यानं स्वतः धरलेला असतो. शिकणंही असं स्वतः धरलेलं असलं पाहिजे. कॅन्टीनमध्ये बसून मित्राकडून ‘प्रेझेंट’ लावून घेणाऱ्यांना या लेखाचा आधार घेता येणार नाही. त्यांच्यामुळेच वाडीवरच्या मुलीच्या खऱ्या कारणावर कुणी विश्वास ठेवत नाही.

अजान झाली. भाचीनं मैत्रिणीच्या हातात खजूर दिला. पाणी पिऊन झाल्यावर मी कागद-पेन पुढं केलं. अर्ज तिनं स्वतः लिहिला, मराठीत, स्वच्छ अक्षरात. कुठल्या तारखेला गाडी किती वाजता लागली, हे तिच्या वहीत नोंदवलेलं होतं. तेही तिनं जोडलं. मी फक्त एक शब्द खोडला. ‘कृपया मला माफ करावे’ असं तिनं सुरुवातीला लिहिलं होतं. त्यातलं ‘माफ’ खोडून मी ‘मदत’ लिहिलं. तिची चूक नव्हती.

सव्वासातची शेवटची गाडी होती. दोघी स्टँडकडे धावत गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्ज कॉलेजात दिला, पोच घेतली. परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत. पंधरा दिवसांत उत्तर यायला हवं, आणि या गावातल्या आपण सगळ्यांनी ते उत्तर काय येतं याकडे लक्ष ठेवायला हवं. त्या यादीत उद्या आपल्याही घरातलं नाव असू शकतं.